कम्युनिटी कॉलेज, आणि त्यातही इंग्रजी?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात विद्यापीठ-प्रवेशाचे निकाल लागतात आणि सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी घरांमध्ये तोच वाद नव्याने पेटतो. कुणाच्या तरी मुलीने किंवा मुलाने जाहीर केलेलं असतं, की मी आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला जाणार, मग चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर घेणार. विषय कम्प्युटर सायन्स असेल तर चर्चा जरा सबुरीने होते. तो इंग्रजी, इतिहास किंवा तत्त्वज्ञान असला की दुष्काळात तेरावा महिना. मग दोन तट पडतात. पहिला म्हणतो, ज्यांचा कुठेच नंबर लागत नाही त्यांची ती जागा. एवढ्यासाठी का आपण घरदार सोडून इथवर आलो? दुसरा तट स्वतःला व्यवहारी समजतो. तो म्हणतो, अहो, हाच तर खरा शहाणपणा; दोन वर्षांचे पैसे वाचवायचे आणि मागच्या दाराने बर्कलीच्या नामांकित विद्यापीठात शिरायचं, पदवीच्या कागदावर कुठे लिहिलेलं असतं आधी कुठे होतात ते? हे दोन तट एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं छान एकमत आहे. त्या दोन वर्षांत वर्गात जे घडतं त्याला दोघांच्याही लेखी काडीची किंमत नाही. एकाला ती शिक्षा वाटते, दुसऱ्याला सवलत.

माझं म्हणणं दोघांच्याही विरोधात जातं. ज्याला इंग्रजी आणि मानव्यविद्या मनापासून शिकायच्या आहेत, त्याच्यासाठी कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं हाच अभ्यासाचा गाभा ठरू शकतो. काही बाबतींत तो मोठ्या विद्यापीठातल्या पहिल्या दोन वर्षांपेक्षा सरसही असतो. या जागेचं आज खरोखर नुकसान होतं आहे, पण ते वेगळ्याच कारणांनी. प्रतिष्ठा की बचत या भांडणात त्या कारणांकडे बघायला कुणालाच सवड नाही.

पैशाचं आधी उरकून घेऊ. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर पडतात. वर्षाला ३० युनिट धरले तर १३८० डॉलर. युसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; बर्कली त्यातलंच) कुठल्याही कॅम्पसला नुसती ट्यूशन आणि फी मिळून वर्षाला सुमारे १५ हजार, राहण्याखाण्याचं वेगळं. हा फरक खरा आहे आणि ज्या घराला तो सोसत नाही त्या घराला कुणी तत्त्वज्ञान शिकवू नये. मात्र हे गणित पुण्या-नाशिकहून विद्यार्थी व्हिसावर थेट येणाऱ्या मुलाला जसंच्या तसं लागू होत नाही. त्याला अनिवासी म्हणून युनिटमागे आणखी तीनशे-चारशे डॉलर मोजावे लागतात. इकडचे नातेवाईक हे सांगायला हमखास विसरतात. आणि इथे वाढलेल्या मुलासाठीही 'स्वस्त' हे कारण पुरेसं नाही. चार दिवसांनी जो अभ्यास विसरायचाच आहे, तो फुकट मिळाला तरी महागच.

आता विरोधी बाजूचं बळ कुठे आहे ते बघू, कारण ते आहे. या कॉलेजांचा जन्मच मुळी थोड्या तुसडेपणातून झाला. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचं तेव्हाचं नाव) निघालं. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर होते. पहिल्या दोन वर्षांचं शिकवणं विद्यापीठाच्या अंगणाबाहेर काढावं, म्हणजे आत संशोधनाला मोकळी जागा होईल, हा त्यांचा हिशेब. पुढे कॅलिफोर्नियाने हीच विभागणी राज्याचं धोरण म्हणून लिहून काढली. युसीचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये आलेल्या मास्टर प्लॅनने ठरवलं, की हायस्कूलमधल्या वरच्या एक अष्टमांश मुलांनी युसीत जावं, वरच्या एक तृतीयांशांनी स्टेट कॉलेजांत, आणि ज्युनिअर कॉलेजांची दारं सगळ्यांना उघडी राहावीत. ऐकायला उदार वाटतं. पण त्याच १९६० साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला आणि या उदारतेच्या पोटात काय आहे ते उघड करून दाखवलं. त्याने अभ्यास केला होता तो सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा, म्हणजे आज आपली निम्मी मंडळी ज्या सिलिकॉन खोऱ्यात नोकऱ्या करतात तिथलाच. त्याचा निष्कर्ष असा: समाज प्रत्येकाला सांगतो की तू वर जाऊ शकतोस, पण वर जागा मोजक्याच असतात. मग 'नाही' कुणी म्हणायचं? ते काम हे कॉलेज करतं, हळूहळू, न दुखावता. चाचण्या, समुपदेशकाच्या भेटी, 'तुला हे दुसरं जास्त जमेल' असे सल्ले, आणि एक दिवस मुलगा स्वतःच्याच तोंडाने म्हणतो की मला पदवी नकोच होती. डोकं तापलेल्या माणसाला गोड बोलून थंड करावं तसं.

हे साठ वर्षांपूर्वीचं झालं असं म्हणून सुटका नाही. आजही देशभर कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या दहांतल्या आठ जणांना पुढे जाऊन चार वर्षांची पदवी घ्यायची असते. प्रत्यक्षात ट्रान्सफर होतात साधारण एक तृतीयांश, आणि सहा वर्षांत पदवी हाती येते ती शंभरातल्या सोळा जणांच्या. कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने २०२४ मध्ये सांगितलं, की ट्रान्सफरच्या इराद्याने आलेल्यांपैकी चार वर्षांत ट्रान्सफर झाले ते पाचातला एक. एवढे आकडे समोर असताना कुठल्या तोंडाने आईबापांना सांगायचं की बिनधास्त पाठवा?

मी सांगते, आणि या आकड्यांकडे पाठ न फिरवता सांगते. आधी या सोळांत काय मोजलं जातं ते पाहा. ग्वेंडोलिन ब्रूक्स ही कवयित्री १९३६ मध्ये शिकागोच्या विल्सन ज्युनिअर कॉलेजातून बाहेर पडली आणि त्यानंतर तिने कुठल्याही चार वर्षांच्या पदवीच्या मागे धावाधाव केली नाही. १९५० मध्ये तिला कवितेसाठी पुलित्झर मिळालं. तो पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. ऑक्टेव्हिया बटलर दिवसा काम करून रात्री पॅसाडिना सिटी कॉलेजात शिकली आणि १९६८ मध्ये तिथली दोन वर्षांची पदवी घेतली. पुढे ती अमेरिकन विज्ञानकथेतलं एक मोठं नाव झाली. आजच्या तक्त्यात या दोघी 'गळती'च्या रकान्यात जातील. यावर कुणी म्हणेल, दोन अपवाद दाखवून हजारोंचं दुःख झाकू नका. मान्य, प्रत्येक गळालेला विद्यार्थी ब्रूक्स नसतो. बहुतेक जण दुसऱ्या नोकरीमुळे, मूल झाल्यामुळे किंवा नुसत्या कंटाळ्याने सुटलेले असतात. माझा मुद्दा एवढाच, की ट्रान्सफर हे एकच माप लावलं की वर्गात शिकलेल्या गोष्टी मोजायच्याच राहून जातात, आणि मग त्या नव्हत्याच असं सगळे धरून चालतात.

क्लार्कने पाहिलेल्या त्याच कॉलेजचं पुढे सॅन होजे सिटी कॉलेज झालं. कादंबरीकार एमी टॅन तिथे आली ती ऑरेगनमधलं चांगलं नाव असलेलं खाजगी कॉलेज सोडून, वैद्यकीयचा नाद सोडून आणि इंग्रजी घेऊन. चिनी स्थलांतरित आईबापांची मुलगी. तिने मेंदूची शल्यविशारद व्हावं आणि फावल्या वेळात पियानो वाजवावा अशी घरची अपेक्षा. आई-लेकीत अबोला झाला. आपल्या घरांमध्ये होतो तसाच की! तिथून ती सॅन होजे स्टेटला गेली, इंग्रजी आणि भाषाशास्त्रात पदवी घेतली आणि पुढे स्थलांतरित आयांच्या आणि मुलींच्या गोष्टी लिहून जगाला माहीत झाली. ज्या इमारतीत मुलांच्या इच्छा थंड केल्या जातात असं क्लार्कने दाखवलं, तिथेच दहा-बारा वर्षांनी एका मुलीची इच्छा धगधगली. मग क्लार्क चुकला का? नाही. तो यंत्रणेबद्दल बोलत होता, आणि यंत्रणा माणसांनी बनवलेल्या नियमांवर चालते.

त्या नियमांपैकी एक तर थेट इंग्रजीचाच होता. अगदी अलीकडेपर्यंत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात आलेल्या नव्या मुलाला प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागे. तीत व्याकरणाच्या तुकड्यांवर टिचक्या मारायच्या, आणि गुण कमी पडले की 'बेसिक' वर्ग. बेसिकच्या खाली आणखी एक, त्याच्याही खाली आणखी एक. या वर्गांचे युनिट कुठल्याही विद्यापीठात धरले जात नसत. दहांतली आठ मुलं इंग्रजी किंवा गणिताच्या अशा कुठल्या ना कुठल्या वर्गात अडकत. त्यांत गरीब, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय मुलं जास्त. दीड-दोन वर्षं स्वल्पविराम गिरवत बसलेल्या माणसाला साहित्य म्हणजे काय ते कळायची वेळच येत नसे. २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा आला आणि २०१९ पासून कॉलेजांना मुलांना थेट ट्रान्सफर-पातळीच्या इंग्रजी वर्गात बसवणं भाग पडलं. पुष्कळ प्राध्यापकांनी आकांत केला: दर्जा बुडेल, मुलं बुडतील. झालं काय? पहिल्याच सत्रात ट्रान्सफर-पातळीचं इंग्रजी उत्तीर्ण होणाऱ्या मुलांचं प्रमाण कितीतरी वाढलं. नापास होणारेही वाढले, हे विरोधकांचं म्हणणं खोटं नाही, आणि त्यांच्यासाठी जास्तीची मदत सगळीकडे सारखी पोचलेली नाही. पण आधी ती मुलं त्या वर्गाच्या दारापर्यंतही पोचत नव्हती. म्हणजे 'यांना झेपत नाही' हे जे आपण इतकी वर्षं मानत आलो, त्यातला मोठा वाटा आपणच घातलेल्या कुंपणाचा होता.

दर्जा बुडेल ही ओरड अमेरिकेत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकू देणारा जीआय बिल १९४४ मध्ये आला. तेव्हा शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी लिहिलं होतं की आता विद्यापीठांचे भटक्या भणंगांचे अड्डे होणार. सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत आले. अड्डे काही झाले नाहीत. उलट संसार आणि युद्ध पाहिलेली ही मंडळी अठरा वर्षांच्या पोरांपेक्षा जास्त निगुतीने अभ्यास करतात असा अनुभव आला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांचं जाळं देशभर पसरवावं असं सुचवलं ते याच वातावरणात. आणि नागरिक म्हणून विचार करायला शिकवणारं सर्वसाधारण शिक्षण तिथे मिळावं, नुसती कारागिरी नव्हे, हा त्या अहवालाचा आग्रह होता. इंग्रजी आणि इतिहास हे विषय त्या इमारतींत चुकून शिरलेले नाहीत.

आता वर्गात येऊ, कारण वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याबद्दल. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्या नवऱ्याच्या आधाराने, आलेल्या आम्हा बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, शिकायची होती. अशा कित्येक जणी संध्याकाळच्या वर्गांमध्ये जाऊन बसल्या; मीही बसले. इंग्रजीचा वर्ग पत्र्याच्या एका तात्पुरत्या खोलीत भरायचा. पंचवीस-तीस माणसं. त्यांत हायस्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं होती, वृद्धाश्रमात काम करणारी एक फिलिपिनो बाई होती, इराकहून परतलेला एक सैनिक होता. एका आठवड्यात आम्ही एक ग्रीक शोकांतिका वाचत होतो, राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या बहिणीची. सतरा-अठरा वर्षांच्या एका हुशार मुलाने हायस्कूलमध्ये घोटलेलं उत्तर दिलं: व्यक्ती विरुद्ध राज्यसत्ता. बरोबरच होतं. मग तो सैनिक म्हणाला, आपल्या माणसाचं प्रेत मागे टाकून यायचं नाही हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. पण दुसऱ्या बाजूच्याचं काय करायचं यावर कुणी काही बोलत नाही, आणि या राजाची अडचण तीच आहे, त्याच्या दृष्टीने हा भाऊ दुसऱ्या बाजूचा झालाय. हुशार मुलाने वहीत काहीतरी खोडलं. वृद्धाश्रमातली बाई म्हणाली, प्रेत धुतल्याशिवाय नेऊ द्यायचं नाही म्हणून तिने एकदा सुपरवायझरशी भांडण काढलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी धड्यातल्या पुढच्या मुद्द्यांना हातच लावला नाही.

असा वर्ग बर्कलीत होऊ शकत नाही असं मी म्हणणार नाही. तिथेही पहिल्या वर्षाचे लेखनाचे वर्ग लहानच असतात. पण ते शिकवतात बहुधा पीएच.डी. करत असलेले विद्यार्थी, आणि समोर बसलेली मुलं वयाने, गुणांनी, अनुभवाने एकाच साच्यातली. साहित्य म्हणजे माणसांबद्दलचा विषय असेल, तर ते वाचताना खोलीत किती तऱ्हेची माणसं बसली आहेत याने फरक पडतो की नाही? रसायनशास्त्रात फारसा पडत नसेल. इंग्रजीत पडतो, आणि म्हणूनच 'कम्युनिटी कॉलेज ठीक, पण इंग्रजी नको' या आपल्या मंडळींच्या तर्काची दिशा उलटी आहे. शिवाय तिथल्या शिक्षकाकडे इंग्रजीची एम.ए. असावी लागते आणि त्याचं काम फक्त शिकवणं हेच असतं. संशोधनाच्या गडबडीत निबंध तपासायला वेळ नाही ही सबब त्याला मिळत नाही. माझ्या पहिल्या निबंधात 'समाज' जिथे जिथे आला होता तिथे तिथे आमच्या बाईंनी गोल केला होता आणि समोर लिहिलं होतं: 'कोण?' बस, एवढंच. पुण्यात एम.कॉम. होईपर्यंत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी असताना जिल बायडेन व्हर्जिनियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवत राहिल्या, व्हाइट हाउसमधून जाऊन येऊन. त्यांच्या राजकारणाबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण निबंधांचा गठ्ठा तपासायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

हे सगळं वाचून आपल्याला काहीच आठवत नाही का? डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी भरवले, दिवसभर नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं, निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या, शिक्षणात मागे राहिलेल्या मराठवाड्यात. एल्फिन्स्टन किंवा फर्ग्युसनच्या तराजूत तोललं असतं तर त्याचं वजन किती भरलं असतं? पण दलित साहित्याची चळवळ उभी राहताना जी माणसं पुढे होती त्यांतली कितीतरी त्या आवारात शिकली किंवा शिकवत होती. प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं उदाहरण त्यांनी मराठीपुढे ठेवलं. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक त्याच शहरातून निघालं. फर्ग्युसनची दोन वर्षं कमी पैशात उरकता येतील म्हणून कुणी मिलिंदमध्ये जात नव्हतं. तिथे शिकणं हेच काम होतं. ही परंपरा घरात असलेल्या मराठी माणसाने कम्युनिटी कॉलेज म्हटल्यावर नाक मुरडावं, हे मला खरोखर कळत नाही. की ती परंपरा आपल्या घरातली आहे असं आपण मानतच नाही? तसं असेल तर गोष्ट निराळी, आणि जास्त गंभीर.

'पण इंग्रजी शिकून करायचं काय?' या प्रश्नाला मी बगल देणार नाही, पण फार वेळही देणार नाही. २०१२ नंतरच्या दशकात अमेरिकेत इंग्रजीची पदवी घेणाऱ्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्या आयांना पडलेला नाही. नोकरीचा हमखास रस्ता हवा असेल तर हा विषय घेऊ नये, हे मी कुठल्याही मुलाला स्पष्ट सांगेन. मात्र एच-४ वरच्या मुलाला एकवीस पूर्ण होताच व्हिसा बदलायचा असतो. अशा घराने जोखीम मोजूनमापूनच उचलावी, तिथे उपदेश कामाचा नाही. बाकीच्यांना एवढंच विचारते: ज्या कम्प्युटर सायन्सच्या भरवशावर आपण ही शेखी मिरवत होतो, त्यातल्या नव्या पदवीधरांना आता नोकरी चटकन मिळते आहे का? आणि यंत्र निबंध लिहून देऊ लागल्यावर 'कोण?' हा प्रश्न विचारता येणाऱ्याची किंमत वाढली की घटली? ऑनलाइन वर्गांचं मात्र मला भय वाटतं. महासाथीनंतर या कॉलेजांतले पुष्कळ वर्ग पडद्यावर गेले आणि परत आलेच नाहीत. सरकारी मदत लाटण्यासाठी खोट्या नावांनी नोंदवलेले 'घोस्ट स्टुडंट' त्यांत इतके शिरले, की काही शिक्षकांचा पहिला आठवडा खरे विद्यार्थी कोण हे शोधण्यात जातो. मी वर वर्णन केलेला वर्ग पडद्यावर होत नाही. माझा युक्तिवाद समोरासमोरच्या खोलीचा आहे, आणि मुलगा सगळेच वर्ग घरबसल्या करणार असेल तर तो लंगडा पडतो.

त्याहून मोठी खोट शिक्षकांच्या पोटाची आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ आहेत. पूर्णवेळ शिक्षकांनी तीन चतुर्थांश अध्यापन करावं असं उद्दिष्ट राज्याने १९८८ मध्ये कायद्यात लिहिलं. राज्य अजून तिथे पोचलेलं नाही. या अर्धवेळ शिक्षकांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात, कारण सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या असे ते फ्रीवेवरच असतात. आमच्या बाई त्यांतल्याच. त्यांच्या गाडीच्या डिकीत तीन कॉलेजांच्या निबंधांची तीन खोकी असायची. त्यांना ऑफिस नव्हतं, त्यामुळे भेटीची वेळ कॅफेटेरियातल्या टेबलावर. एका हाताने सँडविच, दुसऱ्याने माझा निबंध. त्या उत्तम शिकवत, पण पुढच्या सत्रात त्या असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसे. ट्रान्सफरच्या अर्जासाठी शिफारस मागायला मुलगी येते तेव्हा तिला ओळखणारी बाई दुसऱ्या काउंटीत गेलेली असते. यात क्लार्कची ती थंड करणारी यंत्रणा मला जिवंत दिसते, बजेटच्या रूपात.

दुसरं नुकसान होतं वर्ग रद्द होऊन. इंग्रजीत पुढे जायचं तर ब्रिटिश साहित्याचा सर्व्हे, अमेरिकन साहित्याचा सर्व्हे असे आढाव्याचे वर्ग आधी झालेले बरे. पण त्यात बारा-पंधरा मुलंच नोंदवली की सत्र सुरू व्हायच्या तोंडावर वर्ग रद्द. रचना-लेखनाचा वर्ग तुडुंब भरतो, कारण तो सगळ्यांना सक्तीचा. साहित्याचा वर्ग वर्षाआड मिळाला तर नशीब. आणि ट्रान्सफर सुरळीत करण्याच्या नावाखाली केलेली कात्री बघा. युसी आणि सीएसयू (आधीची स्टेट कॉलेजं) दोन्हींसाठी एकच सामायिक अभ्यासक्रम हवा असं २०२१च्या एबी ९२८ या कायद्याने ठरवलं. हेतू चांगलाच होता. प्रत्येक कॅम्पसचे वेगळे नियम पाहून मुलं खरोखर रडकुंडीला यायची. त्यातून २०२५च्या फॉल सत्रापासून कॅल-जीईटीसी हा सामायिक अभ्यासक्रम आला. आयजीईटीसी या जुन्या ट्रान्सफर-अभ्यासक्रमात कला आणि मानव्यविद्यांचे तीन विषय घ्यावे लागत. आता दोन पुरतात. एक विषय गेला, आपल्या घरांत कुणी हूं की चूं केलं नाही. त्या तिसऱ्या विषयाच्या सक्तीमुळे तत्त्वज्ञानाचा नाहीतर पुराणकथांचा एखादा वर्ग भरायचा, आणि नर्सिंगला निघालेली मुलगी तिथे चुकून रमायची. आता तो वर्ग भरणार नाही. भरला नाही म्हणून रद्द होईल. रद्द झाला म्हणून त्याच्या अर्धवेळ शिक्षिकेचं काम जाईल. ट्रान्सफरचा आकडा मात्र कदाचित सुधारेल, आणि आपला दुसरा, व्यवहारी तट टाळ्या वाजवेल.

म्हणून मला या दुसऱ्या तटाचा जास्त राग येतो. पहिल्याला निदान या कॉलेजची लाज वाटते; समजूत घालून, एखादा वर्ग दाखवून ती घालवता येईल. दुसरा तिथून हवं ते घेतो आणि बदल्यात काहीच मागत नाही, चांगला शिक्षकसुद्धा नाही. फी भरून पावती घ्यायची आणि ट्रान्सफरची पत्रं मोजायची. १९८४ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात फीच नव्हती. आधीच्या करदात्यांनी ती संस्था पोसली म्हणून आज आपल्याला तिचा 'शहाणपणाचा पर्याय' करता येतो.

मुलीला कॉलेज दाखवायला नेलंत तर ट्रान्सफर सेंटरच्या बाईंना बर्कलीचा स्वीकृतीचा दर विचारा, हरकत नाही. इंटरनेटवरही तो मिळतो. त्याखेरीज हे विचारा: इंग्रजी विभागात पूर्णवेळ शिक्षक किती, साहित्याचे कोणते सर्व्हे गेल्या वर्षी प्रत्यक्ष झाले आणि कोणते रद्द केले, अर्धवेळ शिक्षकांना बसायला खोली आणि भेटीच्या वेळेचे पैसे मिळतात का, समोरासमोर शिकवले जाणारे वर्ग किती. तिथे उत्तर मिळालं नाही तर आणखी एक जागा आहे. ही कॉलेजं ज्या जिल्ह्यांखाली चालतात त्यांचे ट्रस्टी निवडून येतात, आणि वर्ग रद्द करण्याची पटसंख्या काय असावी, पूर्णवेळ जागा किती भराव्यात याचे निर्णय त्यांच्या बजेटमधून ठरतात. त्यांच्या सभा खुल्या असतात, तीन मिनिटं बोलायला कुणीही उभं राहू शकतं. इथले नागरिक झालेले आपले लोक नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर स्कूल बोर्डाच्या उमेदवारांची कुंडली काढतात, कारण घराची किंमत त्यावर ठरते. त्याच कागदावर कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टचा रकाना असतो. ओळखीतल्या किती जणांनी तो भरला, विचारून पाहा.